बासला पेडल लावावं, की मूळ आवाजच ठेवावा?

बँडमध्ये दोन-तीन वर्षं बास गिटार वाजवून झाली की बहुतेक बासिस्टांना हा प्रश्न पडतो. शेजारी गिटारिस्टच्या पायाशी सहा-सात पेडल्सचा, म्हणजे पायाने दाबून आवाज बदलणाऱ्या छोट्या पेट्यांचा, बोर्ड लुकलुकत असतो आणि आपली एकच केबल बासमधून निघून थेट ॲम्पमध्ये (ॲम्प्लिफायरमध्ये) गेलेली असते. आपण काही कमी तर करत नाही ना, असं मनात येतं. दुसरीकडे जुनेजाणते सांगतात की बास म्हणजे तार, बोटं आणि ॲम्प, बाकी सगळं वरवरचं. मी दोन्हीकडे राहून आलो आहे. काही वर्षं एकही पेडल न लावता वाजवलं, मग आठ पेडल्सचा बोर्ड घेऊन हिंडलो, आणि आता त्यातली तीन उरली आहेत.

माझा कौल आधीच सांगतो. चार-पाच जणांच्या बँडमध्ये वाजवत असाल तर आधी मूळ आवाजावर मेहनत घ्या, आणि पेडल घेतलंच तर ज्यात मूळ आवाज मिसळत ठेवता येतो तेच घ्या. बँड तिघांचा किंवा दोघांचा असेल तर हा हिशेब बराच बदलतो. का बदलतो, ते पुढे येईलच.

मूळ आवाज म्हणजे नेमकं काय

'नॅचरल टोन' हा शब्द आपण सहज वापरतो, पण विजेवरच्या बासला निसर्गतः असा काही आवाज नसतोच. तारांखालचा चुंबकीय पिकअप तारेचं कंपन पकडतो, त्याचा विजेचा संदेश होतो, आणि तिथून पुढे प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी काहीतरी निवडलेलं असतं. तार राउंडवाउंड (गोल वेढ्यांची, खरखरीत) की फ्लॅटवाउंड (चपट्या वेढ्यांची, गुळगुळीत), नवी की जुनी, बोट ब्रिजजवळ (जिथे तारा बांधलेल्या असतात तिथे) पडतंय की नेकजवळ (मानेकडे), टोनचा नॉब किती उघडा आहे, ॲम्प ट्यूबचा (जुन्या काचेच्या नळ्यांचा) आहे का, यातली एक गोष्ट बदलली तरी आवाज वेगळा होतो.

जेम्स जेमरसनचं उदाहरण घ्या. मोटाउन या डेट्रॉइटच्या सोल संगीत कंपनीच्या असंख्य गाण्यांखालची बास त्याची. त्याच्याकडे १९६२ ची फेंडर प्रिसिजन होती, तिच्यावर जाड फ्लॅटवाउंड तारा, त्या तुटल्याशिवाय तो बदलत नसे. ब्रिजवरच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा, त्यामुळे सुराची आस लवकर मिटायची आणि प्रत्येक सूर ठोक्यासारखा उमटायचा. उजव्या हाताचं एकच बोट. मोटाउनच्या स्टुडिओत बास थेट मिक्सिंग कन्सोलला जोडलेली असायची. मध्ये एकही पेडल नाही. तरी तो आवाज किती घडवलेला आहे बघा: स्पंज, जुन्या तारा, एक बोट, सगळं ठरवून किंवा जपून ठेवलेलं.

दुसऱ्या टोकाला मोटरहेड बँडचा लेमी. त्याच्या बासचा खरखरीत, दात विचकणारा आवाज ऐकला की पायाशी दोन-तीन डिस्टॉर्शन (आवाज फाडणारी पेडल्स) असतील असं वाटतं. प्रत्यक्षात तो रिकनबॅकर बास आणि जोरात चढवलेले मार्शल ॲम्प यांचा आवाज. १९६९ मध्ये आलेल्या ॲम्पेग एसव्हीटीचंही तसंच. ३०० वॅटचा ट्यूब ॲम्प आणि आठ दहा-इंची स्पीकरचं कपाट. तो भरपूर चढवला की ट्यूब स्वतःच सुराला काठ आणतात. म्हणजे 'पेडल नाही' याचा अर्थ 'आवाज स्वच्छ' असा होत नाही.

मग फरक कुठे आहे? माझ्या मते तो हातात आणि पायात आहे. हाताने घडवलेला आवाज सुरागणिक बदलता येतो. एकाच ओळीत पहिला सूर नेकजवळून गोल काढता येतो, दुसरा तळहाताने दाबून मुका करता येतो, तिसरा ब्रिजजवळून टोकदार. पेडल एकदा दाबलं की ते पुन्हा दाबेपर्यंत सगळ्या सुरांवर बसतं. ज्या गाण्याला पूर्ण कडवंभर एकच रंग हवा आहे तिथे ही गोष्ट उपयोगाची, आणि जिथे बास गायकाच्या श्वासाबरोबर हलली पाहिजे तिथे अडचणीची. निवड करताना हे एवढं जरी तपासलं तरी निम्मा गोंधळ संपतो.

खर्जाचा हिशेब

इथे जरा थांबतो, कारण पेडलबद्दलची बहुतेक निराशा या एका गोष्टीतून येते आणि दुकानात उभं राहून ती कळत नाही.

चार तारांच्या बासची सर्वांत जाड, मोकळी ई तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. पाच तारांच्या बासची बी तार सुमारे ३१ वर. गिटारची सर्वांत खालची तार ८२ च्या आसपास. म्हणजे बँडमध्ये खालचा एक पूर्ण सप्तक जवळजवळ फक्त तुमच्याकडे आणि किक ड्रमकडे असतो. तो रिकामा झाला तर भरायला दुसरं कोणी नाही.

फझ (डिस्टॉर्शनचाच जास्त फाटका प्रकार) किंवा डिस्टॉर्शन काय करतं? तरंगाची टोकं छाटतं. छाटलं की वरचे स्वरांश (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) तयार होतात आणि आवाजाचं वजन खालून मधल्या पट्ट्यात सरकतं. त्यात अनेक पेडल्स मुळात गिटारसाठी बनलेली असतात, आणि गिटार घुमू नये म्हणून त्यांच्या आतच खालचा भाग कापलेला असतो. मधल्या पट्ट्यात आधीच गिटार, कीबोर्ड आणि गायक दाटीवाटीने बसलेले असतात. तुम्ही तिथे जाता आणि तुमची जागा मोकळी पडते.

माझ्या बाबतीत हे एका तालमीत उघड झालं. घरी एकट्याने वाजवताना माझं फझ भिंत हलवत होतं. तालमीत गाण्याच्या ध्रुवपदाला, जिथे सगळं फुलून यायला हवं तिथे मी ते दाबलं, आणि मागून ड्रमरने हाताने विचारलं, 'गेलास कुठे?' रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा पटलं. ध्रुवपदात गाणं मोठं व्हायच्या ऐवजी तळ निघाल्यासारखं हलकं झालं होतं. माझा आवाज मला ऐकू येत होता, कारण मी ॲम्पच्या पुढ्यात उभा होतो. बाकी कोणाला तो बास म्हणून ऐकू येत नव्हता, दुसऱ्या गिटारची गुरगुर म्हणून येत होता.

यावरचा उपाय जुना आणि सोपा आहे: मूळ आवाज वेगळ्या वाटेने चालू ठेवायचा आणि डिस्टॉर्शन त्यात मिसळायचं. बऱ्याच बास पेडल्सवर त्यासाठी ब्लेंडचा नॉब असतो. बॉसच्या ओडीबी-३ वर त्याला 'बॅलन्स' म्हणतात. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या बास बिग मफवर मूळ आवाज मिसळण्याची वेगळी खटकी आहे. काही पेडल्स याच्याही पुढे जाऊन खालचा पट्टा अजिबात न छेडता फक्त वरच्या भागाला धार लावतात. आता माझ्याकडे डिस्टॉर्शनचं प्रमाण क्वचितच निम्म्याच्या वर जातं. एकट्याने ऐकताना ते अगदी कमी वाटतं, पण बँडबरोबर नेमकं बसतं. म्हणूनच पेडलची परीक्षा एकट्याने घेऊ नका.

आता दुसरी बाजू, आणि ती तितकीच खरी. ४१ हर्ट्झ हा सूर फोनच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरमधून निघतच नाही. तरी आपल्याला बासचा सूर ओळखू येतो, कारण त्याचे ८२, १२४, १६५ असे स्वरांश निघतात आणि त्यावरून कान खालचा सूर स्वतः जोडून घेतो. मूळ आवाज अगदी गोल, स्वरांश कमी असलेला असेल तर लहान स्पीकरवर बास गायबच होते. थोडासा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सौम्य डिस्टॉर्शन, फाटका आवाज म्हणून कळणारही नाही इतका, हे स्वरांश वाढवतो आणि बास सगळीकडे ऐकू येऊ लागते. तंबोऱ्याची जवारी नीट लागली की खर्जाची तारसुद्धा कशी उजळते, तसंच काहीसं. रेकॉर्डिंगमध्ये मला हा उपयोग सर्वांत मोलाचा वाटतो, आणि 'मूळ आवाजच शुद्ध' म्हणणाऱ्यांनी तो एकदा करून पाहावा असं मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट. फझ हा गिटारचा मक्ता आहे असं मानलं जातं, पण इतिहास वेगळा आहे. १९६१ मध्ये मार्टी रॉबिन्सच्या 'डोंट वरी' या गाण्यात नॅशव्हिलच्या स्टुडिओतल्या मिक्सिंग डेस्कची एक वाहिनी बिघडली आणि ग्रेडी मार्टिनचा सहा तारांचा बास फाटक्या आवाजात वाजला. तो आवाज तसाच ठेवला गेला. पुढच्या वर्षी मेस्ट्रोचं फझ-टोन हे पेडल बाजारात आलं, आणि त्याच सुमारास गिब्सनने आतच फझ बसवलेली एक बाससुद्धा काढली. म्हणजे या आवाजाची सुरुवात खालच्या तारांपासूनच झाली.

कोणतं पेडल काय देतं, काय घेतं

कंप्रेसर हे बासिस्टांनी सर्वांत जास्त वापरलेलं पेडल, आणि ऐकणाऱ्याला ते कळतही नाही. ते मोठा सूर दाबतं, लहान सूर वर येऊ देतं, त्यामुळे ओळ सलग उभी राहते. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवा. ४१ हर्ट्झच्या सुराचं एक आवर्तन पूर्ण व्हायला सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. कंप्रेसरचे अटॅक (दाबायला लागणारा वेळ) आणि रिलीज (सोडायला लागणारा वेळ) दोन्ही त्याहून फार वेगवान ठेवले तर तो सुराच्या जोराऐवजी तरंगाच्याच चढउताराच्या मागे लागतो आणि आवाज फाटतो. गिटारच्या कंप्रेसरवर बास लावून 'हे भिकार आहे' म्हणणाऱ्यांचा बऱ्याचदा इथेच घोटाळा झालेला असतो. अटॅक सावकाश ठेवला तर बोटाचा ठोकाही सुटून बाहेर येतो.

कंप्रेसरविरुद्ध माझी एकच तक्रार आहे आणि ती गंभीर आहे. शिकण्याच्या काळात तो हाताच्या चुका झाकतो. मधलं बोट पहिल्या बोटापेक्षा हलकं पडतंय, जाड तारेवर जोर कमी होतोय, हे ऐकूच येत नाही, मग सुधारणार कसं? सराव त्याच्याशिवाय करावा. मैफलीत लावायला हरकत नाही.

ऑक्टेव्ह पेडल सूर एक सप्तक खाली नेऊन मिसळतं. मोकळी ई तार खाली नेली तर २० हर्ट्झच्या जवळ जाते, म्हणजे माणसाच्या कानाच्या अगदी सीमेवर. ते ना ऐकू येतं, ना बहुतेक स्पीकरना पेलतं, आणि जुन्या पद्धतीची पेडल्स तिथे सूर धरताना डळमळतात. म्हणून हे पेडल डी आणि जी तारांवर, वरच्या पडद्यांवर शोभतं. बासिस्ट पिनो पॅलाडिनोने १९८० च्या दशकात गायक पॉल यंगबरोबर फ्रेटलेस (पडदे नसलेल्या) बासला बॉसचं ओसी-२ हे ऑक्टेव्ह पेडल जोडून काय केलं ते ऐकावं. आणि लगेच त्याचंच २००० सालचं डीअँजेलोच्या 'वूडू' या अल्बमवरचं वादन ऐकावं: प्रिसिजन बास, जाड, दबका, उघडा आवाज. एकाच माणसाने दोन्ही वाटा इतक्या पटवून दिल्यावर यात कुठली एक बाजू मोठी, असं म्हणणं मला जमत नाही.

एन्व्हलप फिल्टर हे मला सर्वांत आवडतं, कारण ते हाताचं ऐकतं. तार जोरात छेडली की आवाजाचा काही भाग रोखणारा फिल्टर जास्त उघडतो, हळू छेडली की थोडाच. फंक बासिस्ट बूट्सी कॉलिन्सचा म्यू-ट्रॉन (एक एन्व्हलप फिल्टर) लावलेला, पाण्यात बुडून वर येणारा आवाज याच तत्त्वावरचा. याच कारणासाठी ते कंप्रेसरच्या आधी जोडावं. आधीच दाबून सपाट केलेला सूर गेला तर फिल्टरला उघडमीट करायला काही उरत नाही. मात्र एका संध्याकाळी एखाद्या गाण्यापेक्षा जास्त वापरलं तर कान विटतो.

कोरसचं गणित खर्जाशी जमत नाही. तो सुराची किंचित हलती प्रत मूळ सुरात मिसळतो, त्यामुळे खालच्या सुरांचा पाया पातळ आणि डुगडुगता होतो. पीटर हूकने तो जॉय डिव्हिजन आणि न्यू ऑर्डरमध्ये इतका चांगला वापरला, कारण तो ओळी वरच्या पडद्यांवर, जवळजवळ गिटारच्या जागी वाजवत होता. खालच्या सुरांसाठी हवाच असेल तर बॉस सीईबी-३ सारखं, ज्यात खालचा पट्टा कोरसमधून वगळता येतो, असं पेडल बघावं. डिले (प्रतिध्वनी) आणि रिव्हर्ब (खोलीसारखी घुमणी) बँडमध्ये वाजवताना सहसा ठेका गढूळ करतात. एकल वादनात गोष्ट वेगळी: बासिस्ट जाको पास्टोरियस मैफलीत डिजिटल डिलेमध्ये स्वतःचाच तुकडा फिरवत ठेवून त्यावर वाजवत असे. विशेष म्हणजे ज्या आवाजावरून आपण त्याला ओळखतो, तो फ्रेटलेस बास, मागचा पिकअप आणि बोटं यांचाच आहे.

मंचावर

पेडल्सची किंमत फक्त पैशात मोजू नका. प्रत्येक पेडल म्हणजे आणखी एक पॅच केबल, आणखी एक वीजजोड आणि बिघडू शकणारी आणखी एक जागा. बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट लागतात, पण डिजिटल पेडल्सना करंट बराच जास्त लागतो, आणि सगळ्यांना एकाच साखळीतून वीज दिली की गुणगुण सुरू होते. प्रत्येकाला वेगळा, विलग आउटपुट देणारा वीजपुरवठा घेतला की ती बहुधा थांबते. पॅसिव्ह (आत बॅटरीचं सर्किट नसलेली) बास असेल आणि बोर्डवर ट्रू बायपास (बंद असताना संदेश जसाच्या तसा पुढे जाऊ देणाऱ्या) पेडल्सची रांग असेल तर सगळ्या बंद असतानाही केबलच्या लांबीमुळे वरचा भाग मंदावतो. सुरुवातीला एक बफर (संदेश लांबच्या केबलसाठी सक्षम करणारं सर्किट) असलेलं पेडल ठेवलं की तो प्रश्न सुटतो. काही जुन्या पद्धतीच्या फझला मात्र आधी बफर चालत नाही, त्यांना बास थेट लागते.

पेडल चालू केल्यावर आवाजाची पातळी बदलली नाही ना, हे ध्वनिव्यवस्था बघणाऱ्याबरोबर आधी तपासा. आणि एक गोष्ट मी कधीच सोडत नाही: बोर्ड मध्येच गप्प झाला तर बास थेट डीआय बॉक्सला (बासचा संदेश मिक्सरला जोडणाऱ्या पेटीला) जोडून गाणं पुढे नेता आलं पाहिजे. त्या क्षणी तुमचा मूळ आवाज कसा आहे, यावरच सगळं अवलंबून असतं.

स्टुडिओत तर निवड पुढे ढकलता येते. बासचा स्वच्छ डीआय वेगळ्या ट्रॅकवर घ्या, पेडलचा आवाज दुसऱ्यावर. नंतर तो स्वच्छ ट्रॅक पुन्हा पेडलमधून किंवा ॲम्पमधून काढता येतो. फक्त फझच्या आवाजात रेकॉर्ड केलेली बास मात्र पुन्हा स्वच्छ करता येत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर

दोन गिटार, कीबोर्ड, ड्रम असा भरलेला बँड असेल तर मी मूळ आवाजावर राहीन. पैसे चांगल्या तारांवर, बासच्या सेटिंगवर आणि फार तर एका प्रीॲम्प-डीआयवर (आवाज घडवता येणाऱ्या डीआय बॉक्सवर) घालीन, कारण तो मंचावर आणि स्टुडिओत दोन्हीकडे कामाला येतो. जिथे जागा भरलेली आहे तिथे रंग वाढवून गर्दी होते.

एक गिटार असलेल्या तिघांच्या बँडमध्ये ब्लेंड असलेला ओव्हरड्राइव्ह मी न घेता राहणार नाही. गिटारिस्ट एकल वादनाला वर गेला की खालचा आणि मधला पट्टा दोन्ही रिकामे होतात, आणि ते भरायला तुमच्याशिवाय कोणी नसतं. म्यूजमध्ये क्रिस वोल्स्टनहोम फझ लावून नेमकं हेच करतो. रॉयल ब्लडमध्ये तर फक्त बास आणि ड्रम आहेत. तिथे माइक कर ऑक्टेव्हच्या मदतीने बासचा आवाज गिटारच्याही जागी नेतो. तिथे 'मूळ आवाज राखा' हा सल्ला देण्यात अर्थ नाही, कारण ते संगीतच पेडलवर उभं आहे.

गायकाला साथ करत असाल, कमी वाद्यांची, हळू लयीची गाणी असतील, तर पेडल काढून ठेवा आणि उजवा हात नेककडे सरकवून बघा. जॅझ, जुना सोल, लोकसंगीताच्या अंगाचं काही असेल तर फ्लॅटवाउंड तारा लावून महिनाभर वाजवा. एवढा मोठा फरक एकाही पेडलने माझ्या आवाजात पडला नाही. फंक किंवा इलेक्ट्रॉनिक अंगाच्या संगीतात एन्व्हलप फिल्टर आणि ऑक्टेव्ह हे शब्दसंग्रहाचाच भाग आहेत, ते शिकून घ्यायला उशीर करू नका.

अजूनही ठरत नसेल तर पुढच्या तालमीत एकच गाणं दोनदा वाजवा, एकदा पेडल लावून, एकदा न लावता, आणि रेकॉर्डर ॲम्पपासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. दुसऱ्या दिवशी आधी मोठ्या स्पीकरवर ऐका, मग फोनवर. कोणतं रेकॉर्डिंग कुठलं हे न पाहता ऐका, आणि बासकडे लक्ष न देता गायकाकडे द्या. ज्यात गायक निवांत वाटतो ते ठेवा.

माझ्या बोर्डवर उरलेली तीन म्हणजे ट्यूनर, कंप्रेसर आणि ब्लेंडचा नॉब असलेला ओव्हरड्राइव्ह. निम्म्याहून जास्त गाण्यांत यातला फक्त ट्यूनरचा दिवा लागतो.